बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये चार प्रथिनांची ओळ हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल वृत्तपत्रांत आता बरेच छापून येते. तिशी-चाळिशीतल्या रुग्णांची उदाहरणे येतात आणि पाठोपाठ मैदा, लाल मांस, दारू, बैठे काम, चोथ्याचा अभाव ही यादी येते. यादी चुकीची नाही. पण ज्या गोष्टीवरून रुग्णाचे ऑपरेशन बदलू शकते, औषध बदलू शकते आणि त्याच्या भावंडांना वेळेत सावध करता येते, ती या यादीत क्वचितच दिसते. ती म्हणजे आईवडिलांकडून आलेला जनुकातला बदल. तो शोधण्याची पहिली पायरी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते, पुण्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत होते, आणि तरीही अनेक रिपोर्टांत तिचा उल्लेखच नसतो. म्हणून हे पत्र.

मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे साधारण पाच जणांत एकाच जनुकातला जबर दोष कारणीभूत असतो. त्यातले तिघे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचे. वय पन्नाशीच्या आत असेल तर प्रमाण बरेच वाढते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नाशीच्या आतल्या ४५० रुग्णांची जनुकीय तपासणी केली तेव्हा ७२ जणांत, म्हणजे जवळजवळ सहातल्या एकात, असा वारसा सापडला. आणि त्यातले एक तृतीयांश रुग्ण असे होते की घरच्या इतिहासाचे प्रचलित निकष लावले असते तर तो दोष तपासलाच गेला नसता. भारतात दरवर्षी या कर्करोगाचे ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जातात. लिंचचा तीन टक्क्यांचा हिशेब इथे लावला तर वर्षाला अठराशेच्या वर कुटुंबे होतात.

लिंचमध्ये बिघडते काय? पेशी दुभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या हेरून दुरुस्त करणारी प्रथिने हे पेशीचे मुद्रितशोधक. त्यांची चार मुख्य जनुके : एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल आणि आतड्याच्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की त्या पेशीत चुका साचत जातात. एरवी साध्या पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या कोंबाचा, कर्करोग व्हायला दहाएक वर्षे लागतात. लिंचमध्ये दोन-तीन वर्षांतही होतो. चारही जनुकांचा धोका सारखा नाही. नियमित कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, होत असतानाही, पंचाहत्तरीपर्यंत एमएलएच१ किंवा एमएसएच२ बिघडलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता ४० ते ५० टक्क्यांच्या घरात असते, एमएसएच६ मध्ये १५ ते २०, पीएमएस२ मध्ये दहाच्या आसपास. स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग तितकाच महत्त्वाचा, कधीकधी तोच आधी होतो. अपत्यांपैकी प्रत्येकाला दोष मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी.

घरचा इतिहास विचारला की पुण्यात हमखास अडचण येते. कुलवृत्तांत छापलेली घराणी इथे पुष्कळ आहेत, पण त्यांत शाखा मुलग्यांच्या चालतात आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची पुढची पिढी बाहेर राहते. जनुक असा भेद करत नाही. आत्याचे ‘गर्भाशय काढले होते’ एवढेच माहीत असते, का काढले ते कुणी विचारलेले नसते. आजोबा ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले, काका ‘मूळव्याधीने खंगले’. त्यात आता कुटुंबे लहान; दोन भावंडांच्या घरात ‘तीन नातेवाईक, दोन पिढ्या, त्यात एक पन्नाशीच्या आत’ हा जुना ॲमस्टरडॅम निकष पूर्ण होणार कसा? म्हणून इतिहासावर विसंबण्याऐवजी प्रत्येक रुग्णाची गाठच तपासावी, ही पद्धत आता जगभर मान्य आहे.

ती तपासणी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बोलीभाषेत आयएचसी. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो; त्यातून काढलेल्या पातळ कापांवर चार वेगवेगळी प्रतिपिंडे टाकून चारही प्रथिने गाठीच्या पेशींच्या केंद्रकात आहेत का ते बघतात. दोन-चार दिवसांचे काम. निकाल वाचताना जोड्या लक्षात ठेवाव्या लागतात. एमएलएच१ नसेल तर पीएमएस२ ही टिकत नाही, एमएसएच२ नसेल तर एमएसएच६ जाते. उलटे मात्र होत नाही. एकटे एमएसएच६ किंवा एकटे पीएमएस२ गेले असेल तर संशय सहसा त्याच जनुकावर. एमएलएच१-पीएमएस२ ही जोडी गेली असेल तर लगेच लिंच म्हणू नये, कारण उतारवयात एमएलएच१ जनुकावर रासायनिक कुलूप बसून, म्हणजे मेथिलेशन होऊन, तेच चित्र दिसते आणि त्यात वारशाचा संबंध जवळजवळ नसतो. अशा वेळी गाठीत बीआरएएफ जनुकाचा व्ही६००ई नावाचा बदल बघतात. तो सापडला तर लिंच जवळपास बाद. नाही सापडला तर मेथिलेशन तपासायचे, आणि तेही नसेल तर रक्ताची जनुकीय तपासणी. एमएसएच२ गेले असेल तर थेट रक्ताकडेच जावे, आणि तिथे शेजारच्या ईपीसीएएम जनुकाचा तुटलेला शेवटही तपासावा. तो तुटला की धडधाकट एमएसएच२ ही बंद पडते.

आयएचसी फसते ती बहुधा प्रयोगशाळेत पोचण्याआधीच. तुकडा सलाइनमध्ये ठेवला जातो, किंवा साध्या, बफर नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये. शनिवारी दुपारी काढलेले आतडे न उघडता बरणीत टाकले तर सोमवारपर्यंत आतला भाग कुजायला लागलेला असतो, कारण फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, नमुन्याच्या निदान दहापट, आतडे उभे चिरून, आणि सहा ते बहात्तर तासांच्या आत पुढची प्रक्रिया, एवढे पाळले तर निम्मे घोळ टळतील. दुसरी खूण रिपोर्ट देणाऱ्याने पाहायची : गाठीच्या आसपासच्या निरोगी पेशी, विशेषतः लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, रंगल्या पाहिजेत. त्याच रंगल्या नसतील तर चाचणी फसलेली आहे; ‘प्रथिन नाही’ असे लिहिणे चूक. आणि गुदाशयाच्या रुग्णांत चाचणी सुरुवातीच्या बायोप्सीवरच करावी. रेडिएशन-केमोनंतर उरलेल्या गाठीत एमएसएच६ फिके पडते आणि नसलेला दोष दिसू लागतो.

बायोप्सीवरच का, ऑपरेशननंतर का नाही, याचे आणखी वजनदार कारण शस्त्रक्रियेत आहे. लिंचच्या रुग्णात फक्त गाठीपुरते आतडे कापले तर उरलेल्या आतड्यात नवा कर्करोग होण्याचे प्रमाण एका मोठ्या पाहणीत दहा वर्षांत १६ टक्के, वीस वर्षांत ४१ आणि तीस वर्षांत ६२ टक्के आढळले. म्हणून एमएलएच१ किंवा एमएसएच२ बिघडलेल्या तरुण रुग्णाशी जवळजवळ सगळे मोठे आतडे काढण्याचा पर्याय ऑपरेशनपूर्वी बोलायला हवा. त्यात दिवसातून तीन-चार वेळा शौचाला जावे लागते, हेही सांगायला हवे. सत्तरीच्या रुग्णाला किंवा पीएमएस२ वाल्याला हा सौदा परवडत नाही. पण निवड करायला माहिती हातात हवी, आणि ती टाके काढायच्या दिवशी येऊन काय उपयोग?

रोगाचा पुढचा प्रवास, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत प्रोग्नोसिस, हा भाग लोकांना उलटा वाटतो. वारशाने आलेला म्हणजे अधिक वाईट, असा समज असतो. प्रत्यक्षात लिंचच्या गाठीत चुका इतक्या साचतात की त्यातून तयार होणारी विचित्र प्रथिने रोगप्रतिकारक पेशींना परकी वाटतात आणि त्या गाठीत घुसतात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातला रोग इतर रुग्णांच्या तुलनेत कमी उलटतो. याच टप्प्यात नुसत्या ५-एफयू या केमोच्या इंजेक्शनचा किंवा कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांचा अशा गाठींना फायदा दिसत नाही. म्हणजे आयएचसी न केल्याने रुग्ण सहा महिने निष्कारण केमो घेऊ शकतो. रोग पसरलेला असेल तर इम्युनोथेरपीचे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना चेतवणाऱ्या औषधांचे, दार उघडते. २०२० साली जाहीर झालेल्या कीनोट-१७७ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या अशा औषधाने रोग थोपवलेला काळ मध्यमानाने साडेसोळा महिने होता, केमोने आठ महिन्यांच्या जरा वर. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच गुदाशय-कर्करोगाच्या पहिल्या बारा रुग्णांना सहा महिने डोस्टारलिमॅब हे त्याच प्रकारचे औषध दिले आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. ऑपरेशन, रेडिएशन कशाचीच गरज त्या वेळी पडली नाही. रुग्ण बाराच होते हे विसरू नये, आणि इथल्या घरांना ही औषधे परवडत नाहीत हेही खरे. तरीही गाठ त्या प्रकारची आहे हे कळल्याशिवाय मदतनिधीकडे किंवा चाचणी-केंद्राकडे अर्जसुद्धा करता येत नाही.

इथे एक गोंधळ वारंवार होतो. रिपोर्टमध्ये ‘केआरएएस म्युटेशन’ लिहिलेले पाहून घरचे लोक मुलांच्या तपासण्या करायला धावतात. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ हे बदल गाठीत नंतर घडलेले असतात. ते मुलांकडे जात नाहीत.

लिंचखेरीज दुसरा वारसा एपीसी जनुकाचा दोष, म्हणजे फॅमिलिअल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस, दुर्मीळ पण ठळक. आतड्यात शेकडो ते हजारो पॉलिप होतात आणि आतडे काढले नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ. हे जनुक १९९१ साली सापडले. दोष जनुकात कुठे आहे त्यावर पुढचे चित्र बरेचसे ठरते, हे याचे वैशिष्ट्य : १३०९ क्रमांकाच्या जागी असेल तर पॉलिप लहानपणीच आणि हजारोंनी, जनुकाच्या दोन टोकांना असेल तर थोडे आणि उशिरा, १४४४ च्या पुढे असेल तर ऑपरेशननंतर पोटात डेस्मॉइड नावाच्या चिवट गाठी होण्याची भीती जास्त. चारातल्या एका रुग्णाच्या घरी आधी कुणालाच काही नसते. या कुटुंबांतल्या मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासून.

एमयूटीवायएच जनुकाचा दोष वेगळ्या वाटेने येतो. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत मिळाली तरच आजार, त्यामुळे आईवडील ठणठणीत आणि भावंडांपैकी एखाद्याला पन्नासेक पॉलिप असे दिसते. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांत दोघांकडे तीच प्रत असण्याचा संभव वाढतो, म्हणून नात्यातल्या लग्नाचा प्रश्न जनुकीय समुपदेशकाने संकोच न करता विचारावा. युरोपीय लोकांत या जनुकाचे दोनच बदल वारंवार आढळतात. भारतीय कुटुंबांत वेगळाच बदल नोंदला गेला आहे. तेव्हा ‘दोन नेहमीचे बदल तपासले, निगेटिव्ह’ हा स्वस्त रिपोर्ट आपल्याकडे पुरेसा नाही, पूर्ण जनुक वाचून घ्यावे. नवरा-बायको दोघांकडेही लिंचच्या एकाच जनुकाचा दोष असेल तर अपत्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळू शकतात. अशा मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असतात आणि मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कर्करोग बालपणीच होतात.

रक्ताच्या तपासणीबद्दल. सुरुवात नेहमी कर्करोग झालेल्या व्यक्तीपासून करावी, निरोगी मुलापासून नव्हे. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत तीन-चार मिलिलिटर रक्त पुरते. अहवाल यायला तीन-चार आठवडे लागतात. पॅनेल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र तपासणी, मागवताना दोन प्रश्न विचारावेत. जनुकातले मोठे तुकडे गळाल्याचे एमएलपीए किंवा तत्सम पद्धतीने बघणार का? आणि पीएमएस२ साठी वेगळी पद्धत वापरणार का? या जनुकाची एक नक्कल, पीएमएस२सीएल, शेजारीच निकामी पडलेली असते आणि नेहमीचे सीक्वेन्सिंग, म्हणजे जनुकवाचन, दोघांत गल्लत करते. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर त्याच्या जोरावर गर्भाशय किंवा आतडे काढू नये आणि नातेवाइकांनाही त्यासाठी तपासू नये. भारतीय लोकांची नोंद जागतिक माहितीसाठ्यांत अपुरी असल्याने असे शेरे आपल्याकडे जास्त येतात. दोनेक वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारावे.

आणखी एक वारसा गाठीशी संबंधित नाही, पण जिवाशी आहे. ५-एफयू आणि कॅपेसिटाबिन यांचा ८० टक्क्यांहून अधिक भाग डीपीडी नावाचे विकर (एन्झाइम) मोडून टाकते. ते बनवणाऱ्या डीपीवायडी जनुकात दोष असेल तर औषध शरीरात साचते आणि पहिल्याच फेरीत तोंड सोलवटणे, न थांबणारे जुलाब, पांढऱ्या पेशी कोसळणे असा प्रसंग ओढवतो. युरोपीय औषध नियंत्रकांनी २०२० सालीच उपचारापूर्वी ही तपासणी करण्याची शिफारस केली. एक प्रत बिघडलेली असेल तर निम्म्या मात्रेने सुरुवात, दोन्ही असतील तर हे औषधच नको. नेहमी तपासले जाणारे चार बदल युरोपीय रुग्णांवरून ठरलेले आहेत, म्हणून निगेटिव्ह आले तरी पहिले तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात आणि ‘कोर्स मधेच सोडायचा नसतो’ हे अँटिबायोटिकचे शहाणपण लोक इथेही लावतात. दिवसात नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब, तोंड आल्याने जेवण बंद, किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, यातले एकही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

लिंचचा दोष असलेल्या निरोगी नातेवाइकाला करायचे असते ते मुख्यतः कोलोनोस्कोपी : एमएलएच१ आणि एमएसएच२ साठी पंचविशीपासून, एमएसएच६ आणि पीएमएस२ साठी तीस-पस्तिशीपासून, साधारण दर एक-दोन वर्षांनी, पीएमएस२ मध्ये अंतर वाढवता येते. लिंचच्या गाठी बऱ्याचदा उजव्या बाजूला असतात, त्यामुळे रक्त पडते म्हणून केलेली, फक्त डावीकडचे आतडे पाहणारी छोटी सिग्मॉइडोस्कोपी इथे कुचकामी. रिपोर्टमध्ये दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या सुरुवातीपर्यंत, पोचली का, आतडे किती स्वच्छ होते आणि परत येताना निदान सहा मिनिटे दिली का, हे लिहिलेले असावे. उजवी बाजू अस्वच्छ राहते ती आतडे साफ करणारे पेग औषध सगळे आदल्या रात्रीच प्यायल्याने. निम्मे रात्री, निम्मे तपासणीच्या चार-सहा तास आधी घ्यावे. आधीचे दोन-तीन दिवस भाकरी, पालेभाज्या, पेरू, टोमॅटो, तीळ बंद. मऊ वरण-भात, ताक, शहाळे चालते. अशा देखरेखीखाली असलेल्यांना कर्करोग झालाच तर तो लवकर सापडतो, आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक दहा वर्षांनंतरही हयात असतात.

ॲस्पिरिनचा उल्लेख टाळून चालणार नाही. कॅप-२ चाचणीत लिंचच्या ८६१ जणांपैकी ज्यांनी रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किमान दोन वर्षे घेतले, त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग पुढच्या दहा-वीस वर्षांत जवळजवळ निम्म्याने कमी झाला. पण हे लिंच सिद्ध झालेल्यांसाठी, आणि अल्सर, रक्तदाब, मूत्रपिंड पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. पुण्यात पावसाळ्यात ताप आला की डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन थांबवलेच पाहिजे.

थुंकीचा नमुना मागवून ‘कर्करोगाचा जनुकीय स्कोअर’ विकणाऱ्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. या कर्करोगाशी संबंधित अशा दोनशेहून अधिक जागा जनुकपटावर सापडल्या आहेत. प्रत्येक जागा धोका फार तर दहा-वीस टक्क्यांनी हलवते. ही गणिते युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांवर बेतलेली आहेत. इथे त्यांच्या आधारे निर्णय घेऊ नयेत.

आमची मागणी खर्चिक नाही. ससून, महापालिकेची आणि धर्मादाय रुग्णालये यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या बायोप्सी-रिपोर्टच्या नमुन्यातच चार प्रथिनांची ओळ छापून घ्यावी. ती रिकामी असेल तर रिपोर्ट अपुरा समजावा. जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये या चार चाचण्या शस्त्रक्रियेपूर्वी धराव्यात. रुग्ण आता हयात नसेल तरी मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा, आयएचसी जुन्या ब्लॉकवरही होते. तो फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, उन्हापासून आणि उष्णतेपासून मात्र जपावा.

दोष सापडल्यावर समुपदेशकाने नातेवाइकांसाठी एक पानाचे मराठी पत्र द्यावे : जनुकाचे नाव, बदल नेमका कोणत्या जागी, प्रयोगशाळा, अहवालाची प्रत. जागा ठाऊक असली की भावंडांना पूर्ण पॅनेल लागत नाही, तेवढीच जागा बघतात आणि खर्च बराच उतरतो. लिंचसाठी अठराच्या आतल्या मुलांची तपासणी करू नये. त्या वयात करण्यासारखे काहीच नसते. विम्याच्या भीतीने लोक चाचणी टाळतात, म्हणून हेही सांगतो : ‘जनुकीय विकार’ या सरसकट सबबीवर आरोग्यविमा नाकारणे भेदभावाचे आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले, आणि विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्यविम्यातून असे विकार वगळण्यास मनाई केली. आयुर्विम्याला मात्र हे संरक्षण लागू नाही. तो घ्यायचा असेल तर निरोगी नातेवाइकाने चाचणीआधी समुपदेशकाशी त्याबद्दल बोलून घ्यावे.

आपले,
आतड्याच्या कर्करोगाचे निदान, उपचार आणि जनुकीय समुपदेशन करणारे काही जण, पुणे